भिंतीवर बाबासाहेब, टेबलावर गाईड

दोस्तहो, तुम्ही विद्यापीठात, मी सूतगिरणीत. पण तुमच्या होस्टेलवर आलो की आधी भिंत बघतो, मग टेबल. भिंतीवर बाबासाहेब, टेबलावर गाईड. परीक्षेपुरतं पुरतं, म्हणता. पुरत असेल.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर पचला नाही. भाषण झालंच नाही. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या पैशानं छापलं. १५०० प्रती, दोन महिन्यांत खलास! 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे नाव तुम्हा सगळ्यांना पाठ. शेवटच्या पानापर्यंत किती जण गेलात?

आमच्या वस्तीत रात्रपाळी नसली की आम्ही पाच-सहा जण बसतो. एकानं मोठ्यानं वाचायचं. दहा पानं, जास्त नाय. अडला शब्द की पेन्सिलीची खूण. जो पेंगतो त्यालाच विचारायचं, सांग बाबा, काय कळलं? हसतात सगळे, पण दुसऱ्या दिवशी गडी टक्क जागा असतो. परवा एकानं विचारलं, बाबासाहेबांशी वाद घालता येतो का? म्हटलं, येतो की. पण आधी वाचावं लागतं.

तुमच्या ग्रंथालयाच्या दारात वॉचमन आम्हाला अडवतो. कार्ड तुमच्या खिशात आहे. रविवारी येताना एक पुस्तक काढून आणा.