बटाटा, वाटाणा आणि सराटा

बारावीला केमिस्ट्रीत मला ९१ मार्क होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

गोष्ट आहे गेल्या दिवाळीनंतरची. आमच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींची लेक तेव्हा अकरावी सायन्सला होती. दहावीपर्यंत गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली, आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. पहिल्या टेस्टला केमिस्ट्रीत २५ पैकी ४. गुरुवारी रात्री मावशी ताटात पोळी टाकता टाकता म्हणाल्या, "दादा, आमची पोरगी सायन्स सोडून आर्टला जाते म्हणती. सोमवारी अर्ज देणार. तुम्ही एवढं इंजिनेर लोकं, जरा दाखवा की तिला काय आस्तंय त्यात."

आर्ट्सला जाणं म्हणजे काही वाईट नाही हो. पण एका टेस्टला घाबरून जाणं वेगळं. मी ऐटीत म्हटलं, "पाठवा."

जेवणं आटोपल्यावर रिकाम्या मेसमध्ये ती वही घेऊन बसली. धडा होता केमिकल बाँडिंग. वहीत मिथेन काढलेला, मधे सी आणि चार बाजूंना चार एच. अधिकच्या चिन्हासारखा. खाली लिहिलेलं, 'टेट्राहेड्रल, १०९ अंश २८ मिनिटं.' तिने विचारलं, "दादा, चित्रात तर कोन नव्वदचा दिसतोय. मग हे १०९ कुठनं आलं?"

मी म्हटलं, "कारण एसपीथ्री हायब्रिडायझेशन."

"म्हंजे?"

म्हंजे काय, ते मलाही माहीत नव्हतं! तीन वर्षं मेकॅनिकलला काढली, सीईटी दिली, फर्स्ट इयरची इंजिनिअरिंग केमिस्ट्री (दुसऱ्या झटक्यात) काढली, पण १०९ कुठून आलं हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आकडा पाठ होता, मार्क मिळत होते, विषय संपला. तिला म्हटलं, "उद्या सांगतो." ती काही बोलली नाही. वही मिटून निघून गेली. उद्या सांगतो म्हणणारे बरेच भेटले असावेत तिला.

रात्री झोप येईना. रूममेटच्या वाढदिवसाचे उरलेले फुगे कपाटावर होते. शाळेत कोणीतरी फुग्यांचं काहीतरी दाखवलं होतं, एवढंच आठवत होतं. दोन-दोन फुग्यांची तोंडं एकमेकांना बांधली आणि त्या दोन जोड्या मधोमध पिळून अडकवल्या. चारही फुगे आपोआप चार दिशांना गेले! जमिनीवर दाबून अधिकच्या चिन्हासारखे सपाट केले, हात काढला की एक टुणकन वर. रूममेट उठून बघायला लागला की याला झालंय काय.

शुक्रवारी तोच घोस तिच्या हातात दिला. प्रत्येक फुगा म्हणजे इलेक्ट्रॉनची एक जोडी. सगळ्या जोड्या ऋणभारित, त्यांना एकमेकींपासून जितकं लांब जाता येईल तितकं जायचंय. सपाट राहिल्या तर शेजारणीपासून नव्वद अंश. वर-खालची जागाही वापरली तर १०९. बस्स. गिलेस्पी आणि नायहोम या दोघांनी १९५७ साली मांडलेला नियम हाच. तिने घोस चार-पाच वेळा दाबला, सोडला. मग टेबलावर टाकून म्हणाली, "दादा, हा तर सराटा!"

ज्यांनी अनवाणी रान तुडवलंय त्यांना सांगायला नको. सराटा कसाही पडला तरी एखादा काटा वर असतोच. मुंबईकरांसाठी, मरीन ड्राइव्हला समुद्राकडच्या बाजूला चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे टाकलेत ना, तोच आकार. सिव्हिलवाल्यांना तर पाठ असेल.

शनिवारी मेसच्या साहित्यावर हात मारला. कार्बनला बटाट्याच्या फोडी, हायड्रोजनला भिजवलेले पांढरे वाटाणे, क्लोरीनला हिरवे वाटाणे आणि जोडायला खराट्याच्या काड्या (धुतलेल्या, काळजी नसावी). हायड्रोजन पांढरा नि क्लोरीन हिरवा ही रीत जुनीच. हॉफमन नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १८६५ साली लंडनच्या व्याख्यानात क्रोकेच्या रंगवलेल्या चेंडूंचे रेणू दाखवले होते. गंमत म्हणजे त्याचा मिथेनही सपाटच होता. मला फार बरं वाटलं.

तिला म्हटलं, मिथेनमधले दोन हायड्रोजन काढ आणि दोन क्लोरीन लाव. आधी सपाट कर. तिने दोन प्रकार केले, एकात हिरवे शेजारी-शेजारी, एकात समोरासमोर. आता सराट्यासारखा कर. तीन काड्या तिवईच्या पायांसारख्या, चौथी उभी वर. तिने एक केला, दुसरा केला, तिसराही केला. वेगळा करायचा म्हणून वाटाण्यांच्या जागा बदलत राहिली. मग फिरवून फिरवून शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "दादा, हे समदे एकच झाले."

प्रत्यक्षातही डायक्लोरोमिथेन एकच सापडतो, दोन नाहीत. म्हणजे मिथेन सपाट असूच शकत नाही. १८७४ साली व्हान्ट हॉफने कार्बनचे हात असे चार कोपऱ्यांकडे दाखवले तेव्हा तो २२ वर्षांचा होता. आपल्या लास्ट इयरएवढा! कोल्बे नावाच्या बड्या प्राध्यापकाने, हा जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजातला मास्तर काय सांगणार, अशी त्याची टर उडवली. व्हान्ट हॉफ पुठ्ठ्याचे रेणू करून लोकांना पाठवत राहिला. १९०१ साली रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यालाच मिळालं. हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.

मग अमोनिया नि पाणी सोपं गेलं. ज्या जोडीच्या टोकाला हायड्रोजन नाही ती एकाच अणूच्या ताब्यात, म्हणून एसटीच्या बाकावर पाय फाकवून बसणाऱ्या माणसासारखी ऐसपैस. शेजारचे दबतात. अमोनियात अशी एक, म्हणून कोन १०७. पाण्यात दोन, म्हणून १०४.५. तिने मधेच विचारलं, "पण अणूंच्या मधे खरंच काडी आस्ती का?" नसते. फुगाही नसतो. फुगे एकमेकांना टेकून ढकलतात, इलेक्ट्रॉन तसे टेकत नाहीत. हेही सांगितलं. न सांगता चाललं असतं, पण मग तिने काडी पाठ केली असती, मी १०९ पाठ केले तसे.

रविवारच्या बटाट्याच्या भाजीत दोघा-तिघांना काड्या सापडल्या. त्यांची इथे जाहीर माफी मागतो.

सोमवारी मावशी नेहमीच्या वेळेला परातीपुढे. मी नुसतं बघितलं. "न्हाई गेली," म्हणाल्या आणि पोळी उलटली.

रात्री ती स्वतःहून आली. पाच फुगे आणले होते, बांधूनच. तीन मधे गोलाकार १२० अंशांवर, एक वर, एक खाली. फॉस्फरस पेंटाक्लोराइड. म्हणाली, "दादा, वरच्या-खालच्यांना नव्वदवर तीन-तीन शेजारी. मधल्यांना दोनच. मग वरच्या-खालच्यांना जास्त ढकलत आसतील की."

मी म्हटलं, "उद्या सांगतो." या वेळी खरंच लायब्ररीत जाऊन बघितलं. त्या रेणूतले वरचे-खालचे दोन बंध मधल्या तिघांपेक्षा लांब असतात. तिने नुसत्या फुग्यांवरून ओळखलं होतं. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. म्हणजे शिकवलं असेल, मी ऑप्शनला टाकलं असेल.

ते पाच फुगे बरेच दिवस माझ्या खिडकीला लटकत होते. रेक्टर सर राउंडला आले तेव्हा विचारत होते, वाढदिवस कोणाचा.