इंजिन शेवटी

मुलुंड (पश्चिम)

चि. बंटीस अनेक आशीर्वाद.

कुर्ल्याच्या भंगारात अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन मिळालं, आता गो-कार्ट झालीच म्हणून समज, असं तू फोनवर म्हणालास. ताईची तक्रार वेगळी आहे, घरभर पेट्रोलचा वास. पण निवड चांगली केलीस. स्कूटरच्या इंजिनाला स्वतःचा पंखा असतो, त्यामुळे सीटमागे वारा लागला नाही तरी ते निभावतं. क्लचची कटकटही नाही. आता ते गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाक आणि आधी बिनइंजिनाची गाडी कर.

हसू नकोस. घाटकोपरच्या भटवाडीत आम्ही सगळे बिनइंजिनाचेच इंजिनियर होतो. गॅरेजवाल्याने टाकून दिलेली बेरिंगं, खोक्याची फळी, पुढे आडवी पट्टी आणि तिच्या मधोमध एक नटबोल्ट. पट्टी पायाने वळवायची, ब्रेक म्हणजे चपलेची टाच. उताराला लागली की खडखडाट अख्ख्या वाडीला ऐकू जायचा. कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्सने 1956 मध्ये पहिली गो-कार्ट केली, तीही गवत कापायच्या यंत्रासाठीचं इंजिन लावून. पण तो रेसिंग कारच्या कारखान्यातला माणूस. चौकट आणि स्टिअरिंग त्याच्या हातात मुरलेलं होतं. तुझं नेमकं तेच व्हायचं राहिलंय.

आमची अख्खी पट्टीच वळायची, म्हणून पुढची दोन्ही चाकं आपोआप एकाच केंद्राभोवती फिरायची. तुझ्या गाडीत चाकं वेगवेगळ्या खुंट्यांवर वळणार. वळणाच्या आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं नाही, तर टायर घासत जाणार. यावरचा तोडगा म्युनिकच्या लँकेनस्पर्गरचा. 1818 मध्ये लंडनला त्याचं पेटंट अ‍ॅकरमनने घेतलं आणि नावही अ‍ॅकरमनचंच राहिलं. (असं आपल्याकडेच होतं असं नाही.) जमिनीवर खडूने चौकट आख. खुंटीपासून स्टिअरिंग आर्मच्या टोकावरून दोरा मागे ताण. दोन्ही बाजूंचे दोरे मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याशी मिळाले पाहिजेत. तोवर नुसते टॅक मार, फुल वेल्डिंग नको.

दुसरी मेख मागे आहे. कार्टला डिफरन्शियल नसतं. दोन्ही मागची चाकं एकाच अ‍ॅक्सलवर घट्ट, त्यामुळे गाडीला सरळच जायचं असतं. ती वळते, कारण पुढच्या खुंट्या मागे कललेल्या असतात: स्टिअरिंग फिरवलं की आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि आतलं मागचं चाक किंचित उचललं जातं. सस्पेन्शनही नाही, पाइपच जरासा पिळवटतो. म्हणून मजबुतीच्या नादात जागोजाग आडवे पाइप जोडत सुटू नकोस.

त्या घट्ट अ‍ॅक्सलचा एक फायदा आहे. ब्रेकची एकच डिस्क बसवलीस तरी दोन्ही मागची चाकं धरली जातात. पवईच्या आयआयटीतली मुलं विजेवरची रेसिंग कार करतात, ती ज्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत उतरते तिथे ब्रेक मारल्यावर चारही चाकं लॉक झाली नाहीत तर गाडीला ट्रॅकवर सोडतच नाहीत. तुझी परीक्षा सोपी: सोसायटीच्या आवारात दोघांनी ढकलायची, तू ब्रेक दाबायचा. मागची दोन्ही चाकं एकदम थांबली आणि गाडी सरळ राहिली, की इंजिन माळ्यावरून काढ. गेटबाहेर मात्र नाही. ती रस्त्यावरची गाडी नव्हे, तिला नंबर मिळणार नाही.

रविवारी दुपारी येतो. ओळंबा आणि दोरा माझा, खडू तू आण. सेक्रेटरींशी ताईला आधीच बोलून ठेवायला सांग.

तुझा,
मामा