हॉवर्डच्या टेकडीवर : पुस्तकाची जागा

आमचा भाचा काही वर्षांपासून अमेरिकेत मेरीलँड राज्यात नोकरीला आहे. त्याने तिकीट पाठविले म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्हांला तीन आठवडे तिकडे राहता आले. कारकुनाच्या पगारात असला प्रवास होत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

निघण्याच्या आदल्या रात्री शेजारचे गृहस्थ घरी आले. ते रिक्षा चालवितात. त्यांची थोरली मुलगी नुकतीच बी.ए. झाली.

"जयभीम भाऊ. पोरगी म्हणते, बी.लिब. करायचं. आता पुस्तकं द्यायची न् परत घ्यायची, याला पदवी कशाला लागते? बी.एड. केलं तर मास्तरीण तरी होईल. तुम्ही फिरून या आणि सांगा. फी भरू का नको?"

आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वस्तीतल्या विहाराचे वाचनालय आम्हीच दहा वर्षे चालवितो. तीन कपाटे, एक नोंदवही, संध्याकाळी दोन तास. पुस्तक द्यायचे, सही घ्यायची, पुस्तक परत आले की सहीवर काट मारायची. हेच ग्रंथपालाचे काम, अशी आमचीही समजूत होती. तो प्रश्न आम्ही सामानाबरोबर विमानात घेऊन बसलो.

मेरीलँडमध्ये पहिल्या रविवारी अ‍ॅकोकीक येथे गेलो. तेथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला आहे. परक्या मुलुखात, झाडीने वेढलेल्या जागेत ती ओळखीची मूर्ती पाहून काय वाटले ते वाचकांना वेगळे सांगायला नको. परतताना भाचा म्हणाला, "मामा, पुतळा पाहिलात. आता पुढच्या शनिवारी एक लायब्ररी दाखवतो. हार्वर्ड नाही हं, हॉवर्ड."

शनिवारी हिरव्या मार्गिकेची मेट्रो धरून आम्ही वॉशिंग्टनमध्ये शॉ–हॉवर्ड युनिव्हर्सिटी स्टेशनावर उतरलो. तेथून जॉर्जिया अव्हेन्यूने चढ चढत पायी गेलो. वाटेत न्हाव्याची दुकाने, खानावळी, चर्चे. उजव्या हाताला टेकडीवर विद्यापीठ लागते. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८६७ मध्ये हे विद्यापीठ सुरू झाले. नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या मुलांना बाकीच्या बहुतेक विद्यापीठांची दारे बंद होती.

वर गेल्यावर झाडांनी भरलेले मोठे पटांगण लागते. त्याला तिथले लोक नुसते 'यार्ड' म्हणतात. एका बाजूस लाल विटांची, पांढऱ्या घड्याळी मनोऱ्याची रुबाबदार इमारत आहे. हेच फाउंडर्स लायब्ररी. १९३९ साली ते उघडले. त्याचा आराखडा अल्बर्ट कॅसेल या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराचा. गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा ब्राउन खटला ज्या वकिलांनी लढविला, त्यांच्या तयारीचे बरेचसे काम याच इमारतीत झाले. आतल्या संशोधन विभागात जायचे तर आधी वेळ ठरवावी लागते. ती आम्ही ठरविली नव्हती. तेव्हा समोरच्या बाकावर बसलो. भाच्याने डबा उघडला. पोळी-भाजी खाताखाता त्याने आम्हांला इथल्या एका ग्रंथपाल बाईंची हकिकत सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवायची आहे.

त्यांचे नाव डोरोथी पोर्टर. जन्म १९०५ चा. १९२८ मध्ये त्या हॉवर्डमधून पदवीधर झाल्या. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकल्या आणि १९३२ मध्ये तेथून त्या विषयाची पदव्युत्तर पदवी मिळविणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी ठरल्या. कोलंबिया म्हणजे तेच विद्यापीठ, जेथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले.

त्याच कोलंबियात १८८७ साली मेल्विल ड्यूई यांनी ग्रंथपालांसाठी अमेरिकेतली पहिली शाळा काढली होती. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी, त्यांपैकी १७ स्त्रिया. स्त्रियांना घेतलेले विश्वस्तांना रुचले नाही, आणि दोनच वर्षांत ती शाळा तेथून हलली. या ड्यूईंनी १८७६ मध्ये पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग. विज्ञान ५०० मध्ये, साहित्य ८०० मध्ये, इतिहास ९०० मध्ये. आपल्याकडच्या कॉलेजात पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा चिकटविलेला असतो, तो बहुधा याच पद्धतीचा असतो.

१९३० मध्ये डोरोथीबाईंकडे हॉवर्डमधला कृष्णवर्णीयांविषयीच्या ग्रंथांचा विभाग सोपविण्यात आला. जेसी मूरलँड या माजी विद्यार्थ्याने १९१४ मध्ये विद्यापीठाला दिलेली सुमारे ३,००० पुस्तके, हे त्याचे भांडवल. ही पुस्तके नीट लावायला घेतली तेव्हा बाईंना एक गोष्ट खटकली. त्यांनीच पुढे एका मुलाखतीत ती सांगितली आहे. ड्यूईंच्या पद्धतीत काळ्या माणसांसाठी जणू दोनच आकडे होते. ३२६ म्हणजे गुलामगिरी आणि ३२५ म्हणजे वसाहत. बऱ्याच ग्रंथालयांत काळ्या लेखकाचे कोणतेही पुस्तक आले की त्यावर ३२५ चा शिक्का बसे. जेम्स वेल्डन जॉन्सन हे नामांकित कवी. पण त्यांचा कवितासंग्रहसुद्धा कवितेत नाही, ३२५ मध्ये!

वाचक हो, हे ऐकून आमच्या हातातला घास तसाच राहिला.

माणूस कवी आहे. त्याने आयुष्यभर कविता लिहिल्या. पण कवितेच्या कपाटापाशी गेलेल्या वाचकाला तो दिसणारच नाही. त्याला शोधायचे तर वसाहतीच्या प्रश्नात जाऊन शोधायचे. पुस्तक कोणी जाळले नाही, त्यावर कोणी बंदी घातली नाही. नुसते भलत्या जागी ठेवले.

डोरोथीबाईंनी तो आकडा मानला नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, आणि प्रत्येक लेखक त्याच्या नावाने, अशी मांडणी त्यांनी आपल्या विभागात केली. विभागाला पैसा अपुरा. तेव्हा त्यांनी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांशी ओळखी वाढविल्या, त्यांच्या याद्या मागविल्या आणि प्रकाशकांना पत्रे लिहून विनामूल्य प्रती मागितल्या. विद्यापीठाच्याच इतर कपाटांत विखुरलेली पुस्तके हुडकून काढली. १९४६ मध्ये आर्थर स्पिंगार्न या वकिलांनी जमविलेला कृष्णवर्णीय लेखकांचा मोठा संग्रह विद्यापीठाने घेतला, तोही याच विभागात आला. मूरलँड–स्पिंगार्न ही जोडनावे आज त्या संशोधन केंद्राला आहेत.

बाई कपाट लावून थांबल्या नाहीत. कोणत्या काळ्या लेखकाने काय लिहिले, कधी छापले, प्रत कुठे आहे, याच्या सूच्या त्यांनी वर्षानुवर्षे तयार केल्या. १७६० ते १८३७ या काळातील कृष्णवर्णीयांची भाषणे, पत्रके, संस्थांचे नियम असे लेखन शोधून १९७१ मध्ये त्याचा ग्रंथ काढला. 'या लोकांनी त्या काळी काही लिहिलेच नाही' असे म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला तो पुरावा झाला. प्राध्यापक ज्या साधनांवर इतिहास लिहितात, ती साधने ग्रंथपालाने शोधून, ताडून, नोंदवून ठेवलेली असतात. हेही संशोधनच होय. तब्बल ४३ वर्षे हे काम करून त्या १९७३ मध्ये निवृत्त झाल्या. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आणि ड्यूईंचे काय? त्यांनी काढलेल्या क्लबात ज्यूंना व काळ्यांना प्रवेश नसे. स्त्रियांशी त्यांचे वर्तनही वाईट होते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने आपल्या मानाच्या पदकावरून त्यांचे नाव काढले. त्यांची आकड्यांची पद्धत मात्र सुधारून सुधारून जगभर वापरतात. हत्यार वापरावे, पण ते कोणाच्या हातून आले हेही जाणावे, असे आम्हांस वाटते.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या थोर कृष्णवर्णीय विद्वानांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या काळ्या जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी उत्तर धाडले. हा पत्रव्यवहार आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात सुरक्षित आहे. तिथल्या ग्रंथपालांनी ड्यू बॉइस यांचे कागद जपले, क्रमाने लावले, म्हणून त्या पत्रातली आस्था आज आपल्याला ठाऊक आहे.

हे ऐकताना आमची मान खाली गेली. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतले एक जुने कार्यकर्ते वारले. त्यांच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तीत सभांची हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, नामांतराच्या काळातली कात्रणे, पुढाऱ्यांची पोस्टकार्डे. त्यांच्या मुलाने आम्हांलाच विचारले होते, "काका, हे विहारात ठेवता का?" आम्ही म्हणालो, "जागा कुठे आहे? बघू पुढे." ते 'पुढे' आलेच नाही. पुढच्या महिन्यात घराला रंग काढला आणि ट्रंकेतले कागद रद्दीवाल्याकडे किलोच्या भावाने गेले. त्या मुलाचा दोष नाही. नकार आमचा होता.

परत आल्यावर आम्ही आधी विहारातले कपाट उघडले. पहिल्या कपाटात कथा-कादंबऱ्या, दुसऱ्यात शालेय पुस्तके. तिसऱ्यावर आमच्याच हाताने चिठ्ठी लावलेली : 'दलित साहित्य'. त्यात नामदेव ढसाळांच्या कविता, बाबुराव बागुलांच्या कथा, आत्मचरित्रे, एका शाहिराची गाणी आणि शिष्यवृत्तीची माहितीपुस्तिका, सगळे एकावर एक. कथेच्या कपाटात बागुल नाहीत! कोणी सक्ती केली नव्हती. हा ३२५ चा शिक्का आम्ही स्वतःच मारला होता. वेगळा संग्रह असण्यात वाईट काही नाही, हॉवर्डचा विभागही वेगळाच आहे. पण त्या विभागात कविता कवितेच्या जागी आहे.

त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेलो. त्यांना ही सगळी हकिकत सांगितली आणि कामाची माहितीही दिली. ती वाचकांच्या मुला-मुलींनाही उपयोगी पडेल. पदवीनंतर बी.लिब., त्यानंतर एम.लिब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयात ग्रंथपाल किंवा विद्यापीठात सहायक ग्रंथपाल व्हायचे तर पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण होणे लागते. पीएच.डी. असल्यास काहींना नेटमधून सूट मिळते. अनुसूचित जाती-जमातींना गुणांत ५ टक्के सवलत आहे. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथपालपदासाठी तर पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव लागतो. पुस्तक देणे-घेणे हे या कामाचे खिडकीतून दिसणारे टोक आहे. नोकऱ्या थोड्या आहेत, अनेक जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, हेही आम्ही लपविले नाही.

गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग मुलीकडे पाहून म्हणाले, "बघ बाई, भाऊ काय म्हणतात. नोकरी थोडी आहे." मुलगी म्हणाली, "बाबा, थोडी आहे म्हणूनच मन लावून शिकेन." फी दुसऱ्या दिवशी भरली.

आता ती रविवारी विहारात येते. तिसरे कपाट रिकामे करून तिने कविता, कथा, आत्मचरित्र अशा चिठ्ठ्या लावल्या. नवी नोंदवही घातली. त्या नोंदवहीच्या शेवटी तिने एक कोरे पान सोडले आहे. त्यावर मथळा आहे : 'वस्तीतील जुने कागद – कोणाकडे काय आहे'. आजवर सात घरांची नोंद झाली आहे.

वाचकांना आमची एवढीच विनंती. दिवाणखान्याला रंग काढण्यापूर्वी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडा. जुने पत्र, पावती, हस्तपत्रक, सभेचा फोटो सापडला तर मागे पेन्सिलीने साल आणि माणसांची नावे लिहा, प्लॅस्टिकच्या नव्हे तर कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी ठेवा, आणि आपल्या वाचनालयाच्या वहीत नोंद करा. रद्दीवाला दर आठवड्याला दारावर येतो. त्याच्या आधी आपण पोचले पाहिजे.