बुकबायंडर, ठाकूरद्वार

जुन्या डिरेक्टरीतली नावं दिसण्याआधी तिचा वास येतो. पिवळ्या पडलेल्या कागदाचा, वाळून गेलेल्या खळीचा, जराशा दमट भिंतीचा. आणि टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकच्या वाचनालयात बसलं, वर पंखा संथ फिरू लागला, की त्या वासामागून मला आत्याचा आवाज ऐकू येतो, ‘अगं हळू, पान तुटेल.’ आत्या बुकबायंडरची नात. कुठलंही पुस्तक हातात आलं की ती आधी ते मिटलेलंच धरायची, पाठीवरून अंगठा फिरवायची, जुजबंदी आहे की नुसतंच चिकटवलंय ते बघायची, आणि मग चष्मा लावून नाव वाचायची.

माझ्या पणजोबांचं दुकान ठाकूरद्वारला होतं, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचं दुकान आत्याजवळ होतं. मैद्याची खळ चुलीवर शिजताना येणारा आंबूस गोड वास, कसर लागू नये म्हणून तिच्यात पडणारी मोरचुदाची चिमूट, तो निळा खडा विषारी म्हणून पोरांना पातेल्याजवळ फिरकूही न देणारे आजोबा. घडी घातलेल्या फर्म्यांना दाभणानं भोकं पाडताना होणारी टकटक, दोऱ्यावर मेण ओढतानाची बारीक किरकिर, हाडाची पट्टी कागदावरून फिरली की मागं राहणारी चकचकीत रेघ. आणि दिवाळी जवळ आली की लाल कापडाच्या चोपड्यांची चळत, जिच्यावर बसायची तिला एकदाच परवानगी मिळाली होती, तीही खळ वाळेपर्यंत वजन हवं होतं म्हणून. हे सांगताना तिची बोटं नकळत मांडीवरच्या पदराची घडी दाबत राहायची.

आत्या गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मला ती ओळ सापडली. पहिल्या महायुद्धाच्या आधीचा खंड, बारीक टाइप, दोन रकाने. पणजोबांचं नाव, पुढे त्यांच्या वडलांचं नाव, बुकबायंडर, ठाकूरद्वार रोड. बस्स. मी त्या ओळीवर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले, आणि पहिला विचार आला तो आत्याला फोन करण्याचा.

तुम्ही कधी आपल्या माणसांना असं शोधायला बसलात तर आडनावावर विसंबू नका. त्या काळच्या मुंबईत पुष्कळ मराठी माणसं स्वतःच्या आणि वडलांच्या नावानंच ओळखली जात. जगन्नाथ शंकरशेट यांचं आडनाव मुरकुटे होतं हे आज किती जणांना आठवतं? निर्णयसागर छापखाना 1869 साली काढणारे जावजी दादाजी हेही तसेच. तेव्हा आडनावाचं अक्षर सोडून पाळण्यातल्या नावाचं अक्षर धरायचं, इंग्रजी स्पेलिंग जितक्या तऱ्हांनी होऊ शकेल तितक्या तऱ्हांनी करून बघायचं, आणि मग धंद्यांची यादी वेगळी चाळायची. कलकत्त्याहून निघणारी थॅकरची डिरेक्टरी 1885 पासून साऱ्या हिंदुस्थानाची झाली आणि 1960 पर्यंत निघत राहिली. मुंबईला टाइम्सचीही स्वतःची होती. एक खंड बघून काहीच कळत नाही. ओळीनं बघत गेलं की माणूस चालायला लागतो, या गल्लीतून त्या गल्लीत जातो. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड दाट वस्तीतून काढले गेले, कितीतरी बिऱ्हाडं उठली. अशा वर्षांत पत्ता बदललेला दिसला की ती हातगाडी, तिच्यावरचा तो दाबयंत्राचा लोखंडी सांगाडा मला दिसू लागतो.

आणि कधी माणूस जागचा हललेला नसतो, रस्त्याचंच नाव बदललेलं असतं. निर्णयसागरच्या जुन्या पुस्तकांवर पत्ता असतो 26-28 कोलभाट स्ट्रीट, पुढच्या पुस्तकांवर 26-28 डॉ. एम. बी. वेलकर स्ट्रीट. घराचे आकडे तेच. आत्या मरेपर्यंत जुनीच नावं वापरायची. तिच्या तोंडी जगन्नाथ शंकरशेट मार्ग कधी आला नाही, गिरगाव रोडच यायचा, आणि टॅक्सीवाल्याला ते कळायचंही.

त्या ओळीत पणजी नाही. आत्या सांगायची की फर्म्यांच्या घड्या घालणं आणि शिवणं हे घरातल्या बायकांचं काम. दुपारी जेवणं आटोपली की चटईवर गठ्ठे सुटायचे, आणि पणजी शिवता शिवता ओव्या म्हणायची, दोरा संपला की ओवीही तिथंच थांबायची. दाभणानं तिच्या तर्जनीला घट्टा पडला होता. डिरेक्टरीनं पाटी असलेला माणूस टिपला, पाटीमागचं घर टिपलं नाही. गिरणीतला कामगार नाही, चाळीतलं पोटभाडेकरू बिऱ्हाड नाही, कुणाची आई नाही. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्यांत एखाद्या यात्रेच्या निमित्तानं पणजीचं नाव सापडेल, अशी मला अजून आशा आहे.

पुढे आमच्या लहानपणी डिरेक्टरी म्हणजे टेलिफोनचीच. मुंबईत 1882 साली टेलिफोन आला, पण आमच्यासारख्या घरांपर्यंत पोचायला त्यानं किती दशकं घेतली! तोवर शेजारच्यांचा नंबर द्यायचा आणि पुढे कंसात ‘पीपी’ लिहायचं. हाक आली की ओल्या हातांनी जिना चढून जायचं. आत्याकडे फोन आला तेव्हा तो काकांच्या नावावर आला. काका गेल्यावरही नंबर त्यांच्याच नावावर राहिला, नवी डिरेक्टरी आली की आत्या खिडकीशी बसून तो जाड ठोकळा मांडीवर घ्यायची, आधी सवयीनं पाठीवरून अंगठा फिरवायची, काकांच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारायची आणि जुनी डिरेक्टरी फडताळात ठेवायची, रद्दीवाल्याला नाही. तिची खोली आवरली तेव्हा त्या सगळ्या गेल्या. पेन्सिलीच्या रेघांसकट.

पणजोबांची ओळ मी पुढच्या खंडांतून शोधत गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ती थांबते. त्यांच्या अलीकडे-पलीकडे असणारी नावं तशीच आहेत, मधली जागा मिटून गेली आहे. दुकान का बंद झालं ते आत्याला माहीत होतं. ती सांगताना दर वेळी ‘मग आजोबांचे हात थरथरायला लागले’ इथपर्यंत यायची आणि उठून चहा टाकायची.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर मुंबईची जुनी डिरेक्टरी असेल, थॅकरची, टाइम्सची, अगदी टेलिफोनचीसुद्धा, तर रद्दीत देऊ नका. जवळच्या ग्रंथसंग्रहालयात विचारा, ठेवून घेतील का. आणि देण्याआधी कुणी एखाद्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ मारली आहे का, तेवढं बघा.