बेरीज शून्य धरा

दिवाळी सरली की आमच्याकडे कापसाचे वेचे जोरात असतात. संध्याकाळी काटा लागतो, एकेकीचं गाठोडं त्याला अडकवलं जातं, आकडा मोठ्यानं बोलला जातो आणि कुणीतरी तो वहीत उतरवतं. मजुरी किलोवर, पैसे बाजाराच्या दिवशी. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली ही वही लिहितात. आई वेचायला जाते आणि वही लेकीकडे असते, कारण तिचं अक्षर बरं आणि बायांचा तिच्यावर भरवसा. हे मला कळायला नोकरीची सात वर्षं जावी लागली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्स शिकवते. त्या पहिल्या सात वर्षांत मी अल्गोरिदम फळ्यावर लिहून देत असे आणि मुलं उतरवून घेत. स्टेप वन, सेट. स्टेप टू, रिपीट. शब्द इंग्रजी, चिन्हं पाठ. मार्क मिळत, आणि मला वाटे की शिकवून झालं. एका चाचणीचे पेपर तपासताना बत्तीस जणांच्या उत्तरात एकच चूक सापडली. ‘लहान किंवा बरोबर’ हवं तिथे सगळ्यांनी नुसतं ‘लहान’ लिहिलं होतं. अशा रीतीत यादीतल्या शेवटच्या आकड्याकडे कुणी फिरकतच नाही. मी माझी टिपणवही उघडली. चूक तिथलीच होती, फळ्यावर मीच ती लिहिली होती. बत्तीस मुलांपैकी एकालाही ती खटकली नाही, कारण एकानंही ते उत्तर चालवून पाहिलं नव्हतं. मीही नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एका मुलीला तिची वेच्याची वही आणायला सांगितली.

वहीत प्रत्येक बाईला एक पान. वर नाव, खाली वार, वारापुढे किलो. आठवड्याच्या शेवटी बेरीज, बेरजेला भावानं गुणलं की मजुरी. मी म्हटलं, हे काम तुम्ही करता तसंच मराठीत, पायरी-पायरीनं लिहा. कॉम्प्युटरचा विचार नको. उद्या तू आजारी पडलीस आणि वही दुसऱ्या कुणाला द्यायची आहे, एवढंच धर. स्यूडोकोड म्हणजे याहून वेगळं काही नाही: कुठल्याही प्रोग्रामिंग भाषेच्या नियमांत अडकण्याआधी कामाची रीत आपल्या शब्दांत, पण नेमकी मांडायची. थोड्या खाडाखोडीनंतर फळ्यावर हे उतरलं:

बेरीज = ०
प्रत्येक बाईसाठी
— प्रत्येक वारासाठी
—— किलो वाच
—— बेरीज = बेरीज + किलो
— मजुरी = बेरीज × भाव
— मजुरी लिही

सगळ्यांना पटलं. मलाही पहिल्या नजरेत पटलं. मग आम्ही ताळा पाहायला बसलो. दोन बाया, दोन वार, भाव सोयीसाठी दहा रुपये. पहिलीचे बत्तीस आणि अठ्ठावीस, एकूण साठ किलो, सहाशे रुपये. दुसरीचे पंचवीस आणि तीस. फळ्याजवळ उभी असलेली मुलगी लिहिल्याप्रमाणे एकेक पायरी करत गेली. साठात पंचवीस मिळवले, पंच्याऐंशी; त्यात तीस, एकशे पंधरा. मजुरी साडेअकराशे. वही जिची होती ती मुलगी ताडकन उभी राहिली. “मॅडम, तिनं त पंचावन्नच किलो येचला! पहिलीचा कापूस तिच्या नावावर कसा गेला?”

बेरीज शून्य धरणारी ओळ आत, प्रत्येक बाईच्या सुरुवातीला हवी होती. ती बाहेर राहिल्यामुळे एकदाच चालली. पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. तिच्या वहीत ही चूक कधीच का झाली नव्हती? कारण तिथे प्रत्येक बाईला नवं पान होतं. कोरं पान म्हणजेच शून्य. पान उलटलं की शून्य आपोआप मांडलं जायचं. म्हणून ते ‘मांडायचं असतं’ हे कुणाच्या लक्षातच आलेलं नव्हतं. आपलं अर्धं काम असं पानं करतात, भांडी करतात, हाताची सवय करते. अल्गोरिदम लिहायला बसलं की ते सगळं शब्दांत आणावं लागतं. नवशिक्याला जड जातं ते हे. तर्क मुलांकडे भरपूर असतो.

बहुतेक ठिकाणी हा विषय चहापासून सुरू होतो: पाणी ठेवा, साखर टाका, उकळा. मीही वर्षानुवर्षं तसंच केलं. आता करत नाही. चहा सगळ्यांना येतो, त्यामुळे गाळलेली पायरी ऐकणारा मनातल्या मनात भरून काढतो आणि सगळे खूश होतात. ज्या कामात चुकलं तर कुणाची तरी मजुरी बुडते, ते काम घ्यावं. तिथे मुलं ताठ बसतात.

तेव्हापासून माझ्या वर्गात एक जण ‘यंत्र’ होतो. त्यानं बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, मनानं काही करायचं नाही. लिहिलंय तेवढंच करायचं. टेबलावर वाट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: बेरीज, किलो, भाव. वाटीत तुरीचे दाणे. शेतात नवा गडी आला तर तो उलट विचारतो, “हे तास इथून घेऊ का तिकून?” आणि आपलं अर्धवट सांगणं त्याच्या प्रश्नानं पूर्ण होतं. यंत्र उलट विचारत नाही. उलट न विचारणाऱ्याला सांगता येणं, ही या विद्येची पहिली अट आहे असं मी आता मानते.

सगळ्यात चोख यंत्र झाली ती एक अबोल मुलगी. तिच्या घरी कोलामी बोलतात. आमच्या जिल्ह्यात पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर गोरमाटी, केळापूर-झरीकडे गोंडी आणि कोलामी घरोघरी आहे. या मुलांसाठी शाळेतली मराठीच मुळात शिकलेली भाषा. ‘आकडा मोठा असेल तर तो त्यात ठेव’ या ओळीला ती थांबली. हात दाण्यांवर तसाच. तो म्हणजे कोणता, त्यात म्हणजे कशात? बाकीच्यांना ओळीत काही वावगं दिसत नव्हतं. शब्द कानावरून ओघळू न देता एकेक धरून ऐकायची तिची सवय आम्हाला त्या दिवशी उपयोगी पडली. वर्गानं ‘तो’ खोडून नाव लिहिलं, आणि चल, म्हणजे व्हेरिएबल, का लागतो यावर मला वेगळं बोलावं लागलं नाही.

अल्गोरिदम हा शब्द मुलांना फार परका वाटतो. खरं तर दुसरीत शिकलेला हातचा हाच मूळचा अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी हिंदू अंकांनी आकडेमोड कशी करावी यावर पुस्तक लिहिलं. लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचं ‘अल्गोरित्मी’ झालं, आणि पुढे कित्येक शतकं युरोपात त्या शब्दाचा अर्थ अंकांनी हिशेब करायची रीत एवढाच होता. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. आमची सगळी मुलं अल्गोरिदम शिकूनच माझ्याकडे येतात.

आपल्याकडचा कुट्टक मला याच कारणासाठी आवडतो. पाचानं भागल्यावर तीन उरतात आणि सातानं भागल्यावर चार, अशी संख्या कोणती? अठरा. लहान आकड्यांत हे चाचपडून सापडतं. मोठ्यांत रीत लागते. ती आर्यभटांनी ४९९च्या सुमाराच्या ‘आर्यभटीया’त दिली, आणि ११५०च्या आसपास भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त पुन्हा मांडली. मोठे आकडे भागाकारानं कुटत कुटत लहान करायचे, म्हणून कुट्टक. पण सूत्र इतकं आवळलेलं की नुसतं वाचून हात चालत नाही. ते चालायचं, कारण समोर गुरू असे आणि त्याला विचारता येई. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला, त्याचा १२०७चा शिलालेख आहे. सूत्राला मठ लागतो. स्यूडोकोडला तो मिळत नाही, म्हणून त्याला पसरून लिहावं लागतं.

घरातलं एक काम पायऱ्यांत लिहून आणा, असा गृहपाठ मी देते. २०१७ नंतरच्या एका वर्षी एका मुलानं फवारणी लिहून आणली. पंपात पाणी भर. एक टोपण औषध टाक. ढवळ. मार. वर्ग गप्प झाला. २०१७च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात कापसावर फवारताना शेकडो जणांना विषबाधा झाली होती आणि कित्येक माणसं दगावली होती. कारणं अनेक होती आणि ती एका वर्गात सुटणारी नव्हती. पण त्या चार ओळी आम्ही सोडल्या नाहीत. पंप किती लिटरचा? पाठीवरचा साधा, चार्जिंगचा की पेट्रोलचा? टोपण कोणत्या बाटलीचं? “बाबाले माहीत हाये,” तो म्हणाला. बाबा घरी नसले आणि तुलाच जावं लागलं तर? डोनाल्ड क्नुथ यांनी १९६८च्या आपल्या ग्रंथात अल्गोरिदमची पाच लक्षणं सांगितली. तो संपला पाहिजे, त्याला काही दिलं जातं, त्यातून काही निघतं, प्रत्येक पायरी हातानं करता येण्याजोगी असते, आणि प्रत्येक पायरी निःसंदिग्ध असते. हे शेवटचं लक्षण मी तोवर व्याख्या म्हणून लिहून देत होते. त्या मुलानं दुसऱ्या दिवशी एकोणीस पायऱ्या आणल्या. पहिली होती, डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग पाहा. पाचवी, वारा कुठून आहे ते पाहा. तोंडावर येत असेल तर थांब. त्याची ती वही मी मागून घेतली आहे.

बायनरी सर्च मी तालुक्यांवर शिकवते. आमच्या जिल्ह्यात नेमके सोळा तालुके, म्हणजे चार वेळा निम्मे करता येतात. फळ्यावर वर्णक्रमानं मांडायचे: आर्णी, उमरखेड, कळंब, केळापूर, घाटंजी, झरी जामणी, दारव्हा, दिग्रस, नेर, पुसद, बाभुळगाव, महागाव, मारेगाव, यवतमाळ, राळेगाव, वणी. मनात एक धर, चार प्रश्नांत ओळखते. घाटंजी धरलेल्या मुलीला दिग्रसपर्यंतचा का, केळापूरपर्यंतचा का, झरी जामणीपर्यंतचा का, घाटंजी का, एवढं विचारलं की झालं. मुलांना जादू वाटते. ही रीत दिसते तेवढी सरळ नाही. जॉन मॉक्ली यांनी ती १९४६ मध्ये मांडली, पण कितीही लांबीच्या यादीवर बिनचूक चालेल अशी ती छापून यायला १९६० उजाडलं. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी दाखवून दिलं की जावाच्या लायब्ररीत मधला क्रमांक काढताना दोन फार मोठ्या आकड्यांची बेरीज वाटीबाहेर सांडते. हे सांगितलं की चुकणाऱ्या मुलांची मान जरा वर होते.

गेल्या वर्षी एका मुलानं नाव मनात धरलं. दिग्रसपर्यंत? नाही. महागावपर्यंत? हो. पुसदपर्यंत? हो. नेर? नाही. मी म्हटलं, पुसद. तो म्हणाला, “नाही मॅडम. मी त पांढरकवडा धरलं होतं.”

त्याची चारही उत्तरं खरी होती. वर्णक्रमात पांढरकवडा नेर आणि पुसद यांच्या मधेच येतं. सरकारी कागदावर तालुका केळापूर, पण गाव पांढरकवडा आणि लोकांच्या तोंडी तेच. माझी रीत पूर्ण खात्रीनं चुकीच्या ठिकाणी पोचली, कारण हाती लागलेलं तेच आहे का, हे विचारणारी पाचवी पायरी मी कधी लिहिलीच नव्हती. यादीतलंच नाव धराल, हे मी धरून चालले होते. माझं कोरं पान ते होतं.

त्यानं खडू घेतला आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं:

हाती लागलेलं नाव तेच असेल तर सांग
नाहीतर ‘यादीत नाही’ असं सांग

मग थोडं थांबून, फळ्याच्या कडेला जागा करून, दुसरी यादी सुरू केली. डावीकडे पांढरकवडा, उजवीकडे केळापूर. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “अन् येवतमाय कुठं लिहू?”