बसायला जागा

मुंबईने मला पगार दिला, बायको दिली, दमा दिला. या सगळ्याच्या आधी तिने मला एक खुर्ची दिली. माझ्यावरचं तिचं सगळ्यात जुनं देणं तेच.

१९८४ साली लांज्याहून आलो तेव्हा परळच्या एका चाळीत आमच्या गावकीच्या खोलीत माझी सोय झाली. माणशी एक ट्रंक टेकवण्यापुरती भिंत आणि पथारीपुरती जमीन. वर कपड्यांची दोरी. एवढ्याशा खोलीत एवढी माणसं मावत होती ती गिरण्यांच्या तीन पाळ्यांमुळे. एक पाळी कामावर, एक झोपलेली, एक कुठेतरी बाहेर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हे गणित मोडलं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी जण गावी गेले. काहींना गिरण्यांनी परत घेतलं, काहींना नाही. मी आलो तेव्हा खोलीत भर दुपारी माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली असत. त्यांच्यापुढे, नवी नोकरी लागलेल्या पोराने, ऐसपैस पुस्तक उघडून बसणं मला कधी जमलं नाही.

नोकरी गिरगावातल्या एका छापखान्यात होती, मुद्रितं तपासायची. तिथले सगळ्यात जुने मुद्रितशोधक मूळचे वेंगुर्ल्याचे. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. ते खेतवाडीत भावाच्या बिऱ्हाडात राहायचे, म्हणजे रात्री गॅलरीत अंथरूण टाकायचे. सुटल्यावर मी छापखान्याच्या पायरीवरच रेंगाळतो हे त्यांनी पाहिलं असावं. एके दिवशी चप्पल घालता घालता म्हणाले, "घरी जायचं नाही ना? चल. पोट भरायला ही मुंबई कुठेही देते रे. बूड टेकायला कुठे देते, ते शोधावं लागतं."

पुढची कितीतरी वर्षं आम्ही तेच शोधत फिरलो. आप्पांनी हॉटेलांची दोनच जातींत वाटणी केली होती: उठवणारी आणि बसवणारी. चवीचा त्यात संबंध नव्हता. ठाकुरद्वारच्या विनय हेल्थ होमची मिसळ त्यांना जिवापाड आवडायची, पण ते उठवणाऱ्यांत. आपला पाव संपत आला की पाठीशी कुणीतरी उभा असतोच, आणि त्याची भूक मानेला जाणवते. खोताच्या वाडीतलं अनंताश्रमही त्याच जातीचं. तिथे माशाचं जेवण जेवायचं, हात धुवायचे आणि गल्लीत येऊन तृप्त व्हायचं. आज ते बंद आहे.

बसवणाऱ्यांत पहिला मान इराण्यांचा. धोबी तलावाला मेट्रो सिनेमाच्या समोर क्यानी आहे, १९०४ सालापासूनचं. उंच छत, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत खारी आणि बिस्किटं. आप्पांनी मला इथे मागणी कशी करायची ते शिकवलं. चहा 'पानी कम' मागायचा, म्हणजे दुधाळ आणि कडक येतो. ब्रून मस्का घेतला तर तो चहात बुडवूनच खायचा, नाहीतर टाळू सोलते. खिमा पाव पगाराच्या आठवड्यात, मावा केक बाराही महिने. आणि महत्त्वाचं, सगळं एकदम मागवायचं नाही. आधी चहा. अर्ध्या तासाने ब्रून. मग पुन्हा चहा. बशी उचलली गेली की माणूस ग्राहक राहत नाही, म्हणून बशीत नेहमी थोडं काहीतरी शिल्लक ठेवायचं.

तिथे बसून मी गॅली प्रुफं तपासली आहेत. ते लांबच लांब कागद टेबलाच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबायचे आणि वेटर चहा ठेवताना स्वतःच ते हाताने सरकवायचा. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. इराण्यांच्या भिंतींवर इथे काय काय करू नये याच्या पाट्या असत. शेजारच्या बास्तानीतल्या अशाच पाटीवरून निस्सिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. पाटी सगळं मना करायची आणि गल्ल्यावरचा शेठ सगळं चालवून घ्यायचा. आप्पांच्या मते खरा इराणी यातच ओळखायचा.

ही माणसं स्वतःच बूड टेकायला जागा शोधत आलेली. इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातले झरथुष्ट्री, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे मुंबईत उतरले. नाक्यावरचं दुकान हिंदू व्यापारी अशुभ मानायचे, म्हणून कोपरे त्यांना मिळाले, असं सांगतात. कोपऱ्यामुळे दोन रस्त्यांचा उजेड आणि दोन रस्त्यांचं गिऱ्हाईक आत आलं. दुसऱ्यांनी टाकलेल्या कोपऱ्यांत या लोकांनी आम्हाला बसवलं. लिहिताना मी कुठल्याही साहित्यिक वर्तुळाचे आभार मानले नाहीत तरी चालेल, गल्ल्यावरच्या त्या शेठचे मानले पाहिजेत.

उडप्याचा कारभार निराळा. तिथे टेबल आपलं कधीच नसतं. समोर अनोळखी माणूस न विचारता बसतो, त्याची इडली आणि आपला डोसा एकाच चटणीच्या वाटीकडे बघत राहतात. छापखान्याजवळच्या उडप्याकडे कुंदापूरकडचा एक पोऱ्या कामाला होता. दिवसभर टेबलं पुसायची आणि संध्याकाळी फोर्टातल्या कन्नड रात्रशाळेत जायचं. उडप्यांच्या हॉटेलांतल्या पोरांसाठी अशा शाळा मुंबईत चालत, आणि वेटरचे मालक झालेल्यांपैकी कितीतरी जण त्यांतून शिकले. त्याला मराठीच्या पेपराची धास्ती होती. दुपारी तीन ते चार, गर्दी नसताना, मी त्याचे निबंध तपासून द्यायचो आणि तो मला पंख्याखालची जागा धरून ठेवायचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या बदल्यात पंखा, असा तो चोख व्यवहार होता. तरी 'माझी आई' या निबंधात त्याने लिहिलेलं वाचून मी एकदा लाल पेन खिशात परत ठेवलं होतं. त्यात दुरुस्त करण्यासारखं बरंच होतं आणि करावंसं काहीच वाटेना.

मग परमिट रूम. हे नावच सरकारी आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा, आणि त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. तो मिळतो 'प्रकृतीच्या रक्षणासाठी'. आप्पा त्यांच्या साठ मिली रमला औषधाचा मान द्यायचे. "सरकारने मला आजारी ठरवलंय, मी कोण नाही म्हणणार?" गिरगाव-खेतवाडीकडची ती एक अंधारी, पिवळ्या दिव्यांची, शेट्टी मालकाची जागा होती. उकडलेले चणे, खारे दाणे, काकडीच्या फोडी, क्वचित मसाला पापड. आप्पांचा पेला एकच, आणि तो दीड तास पुरायचा. मी बहुतेकदा नुसता सोडा घ्यायचो.

तिथे मी पुरुषांना बोलताना ऐकलं. घरात बोलायला कोपरा नसलेली माणसं इथे येऊन बायकोचं आजारपण, पोरीचं लग्न, भावांचा जमिनीवरून चाललेला दावा, असं सगळं वेटरच्या देखत बोलायची. वेटर चणे आणून ठेवायचा आणि ऐकलंच नाही असं दाखवायचा. आप्पांनी आयुष्यात एकदाच मला स्वतःविषयी सांगितलं ते त्याच टेबलावर. लग्न का केलं नाही, ते. एका वाक्यात: "गॅलरीत दोन अंथरुणं मावत नाहीत." मग त्यांनी विषय बदलून छापखान्यातल्या 'ळ'च्या खिळ्यांबद्दल तक्रार सुरू केली.

इथवर हे ऋण सरळ आहे. ते वाकडं झालं माझ्या लग्नानंतर. बायकोला घेऊन मी माझ्या जागा दाखवायला निघालो. परमिट रूमचा प्रश्नच नव्हता. आमच्या त्या उडप्याकडे आत शिरताच पोऱ्याने अदबीने 'फॅमिली रूम'कडे बोट दाखवलं. आणखी एका हॉटेलात लाकडी आडोशाच्या केबिनमध्ये बसवलं. पंखा नाही, रस्ता नाही, समोर फळी. ती चहा संपवून म्हणाली, "तुला या शहराने बसवलंय. मला आडोशाला ठेवलंय." मी म्हटलं, ती सोय आहे. ती म्हणाली, "सोय कुणाची?" त्यानंतर आम्ही दोघं क्यानीतच, रस्त्याकडेच्या टेबलावर बसायचो. एक खिमा पाव दोघांत.

तिच्या त्या प्रश्नामुळे मला खाणावळवाली मावशी नव्याने दिसली. परळला आमच्याच मजल्यावर तिची खोली. नवरा गिरणीत होता, तो संपात बसला आणि त्यातून पुन्हा उठला नाही. ती आधीपासूनच महिन्याच्या बोलीवर आठ-दहा जणांना जेवण घालायची. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, कारण जेवणाऱ्याचा पगार महिन्याने आणि वाण्याचा तगादा रोजचा, या दोन्हींच्या मध्ये त्या सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं ते या मंडळामुळे. संपात जेवणाऱ्यांचे पगारच थांबले. मावशीने जेवण थांबवलं नाही. तिची एक वही होती, पुठ्ठ्याची, मोडीसारख्या अक्षरातली. नोकरीचे माझे सुरुवातीचे महिने त्याच वहीत गेले.

पण तिच्याकडे बसता येत नसे. पहिली पंगत उठली की दुसरी दारात उभी. जेवायचं तिच्याकडे आणि बसायला आप्पांबरोबर जायचं, असा माझा दिनक्रम. या सगळ्या वर्षांत मावशीला मी बसलेली पाहिलेलं आठवत नाही. ती भाकरी थापताना उकिडवी असायची, वाढताना वाकलेली, आणि आम्ही जेवत असताना दाराच्या चौकटीला हात लावून उभी. मी इराण्याकडे तासन्‌तास बसून प्रुफं तपासत होतो, कारण पोटाची काळजी कुणीतरी उभ्याने वाहत होतं. आप्पांच्या वाटणीत या बाईला जागाच नव्हती.

वहीतले पैसे मी पुढे फेडले. तिने ते दोनदा मोजले, पान फाडलं आणि चुलीत टाकलं. ते प्रकरण तिच्या लेखी संपलं. आप्पा निवृत्त झाले आणि वेंगुर्ल्याला जाऊन दोन वर्षांतच गेले. त्यांचं देणं फेडायला वाव राहिला नाही. मावशी मात्र होती, सुनेच्या हातचं खात होती आणि कुरकुरत होती. म्हणून मी आणि बायकोने ठरवलं की तिला बाहेर जेवायला न्यायचं. कुठे, तर माटुंग्याला स्टेशनजवळ रामा नायकांच्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये. १९४२पासूनचं ठिकाण, केळीच्या पानावर जेवण, हवं तितकं.

ती बसली. नऊवारीचा पदर खोचून, कधीही उठावं लागेल अशा बेताने. पान पुसलं, भाताचा ढीग बोटांनी चाचपला आणि वाढपी सांबार घेऊन येताच सवयीने अर्धी उठली. बायकोने तिचा हात धरून खाली बसवलं. रस्सम तिला आवडलं. भाजीवर तिने मत दिलं नाही, म्हणजे ती आवडली नव्हती. तिसऱ्यांदा भात घेऊन वाढपी आला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं. रांग लागली होती. "उठा," ती म्हणाली, "माणसं खोळंबलीत."

मी म्हटलं, "मावशी, आज तू पाहुणी आहेस. बस जरा."

"बसले ना. किती बसायचं असतं?"

खाली रस्त्यावर आल्यावर तिने कनवटीची गाठ सोडली आणि तिच्या जेवणाचे पैसे माझ्यापुढे धरले. मी आधीच काउंटरवर भरले होते, ते तिने पाहिलं होतं. बायको नको नको म्हणू लागली. मी घेतले. मावशीच्या खोलीत कुणालाच फुकट जेवण मिळत नसे, जेवल्यावर पैसे द्यायचे, नसतील तर वहीत लिहायचं. आम्ही तिच्याकडून जे शिकलो त्यात हे पहिलं होतं, आणि तिच्यापुढे ते मोडायचा हक्क मला नव्हता.