कबड्डीचा मोसम कोणता?

कांद्याचे रोप कधी टाकायचे, भाताची लावणी कधी, गावची जत्रा कोणत्या तिथीला, हे आपल्याला कुणी सांगावे लागत नाही. पण प्रो कबड्डी लीग कोणत्या महिन्यात असते असे विचारले, तर मात्र बोटे मोडून पाहावी लागतात. पहिली लीग 26 जुलै 2014 रोजी सुरू झाली. 2016 साली ती एकाच वर्षात दोनदा झाली, एकदा जानेवारीच्या अखेरीस आणि पुन्हा जूनच्या अखेरीस. 2018 साली ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धा होत्या. लीगला ऑक्टोबर उजाडला. करोनाच्या खंडानंतरची लीग 22 डिसेंबर 2021 ला बंगळूरला सुरू झाली. पुढे 2023 ची 2 डिसेंबरला, 2024 ची 18 ऑक्टोबरला आणि 2025 ची 29 ऑगस्टला. म्हणजे आषाढ झाला, भाद्रपद झाला, मार्गशीर्ष झाला, पौषही झाला. राहता राहिले चैत्र-वैशाख, आणि ते क्रिकेटवाल्यांनी आधीच धरून ठेवलेले.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्हाला कांदा-बटाटा सोडून ह्या गोष्टीत कशाला पडायचे? तर आमचे घर चाकणच्या पूर्वेला, आणि घरात दोन कबड्डीपटू. धाकट्या भाऊजींचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे आणि गावच्या संघात कोपऱ्यावर खेळतो. माझी लेक कॉलेजात आहे आणि ती चढाईला जाते. त्यामुळे लीग कोणत्या महिन्यात आली, ह्यावर आमच्या घरातली जेवणाची वेळ, अभ्यास, पाणी भरण्याची पाळी आणि भांडणे, सगळेच ठरते.

आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी हा प्रश्नच नव्हता. तेव्हा हुतूतू म्हणत, आणि तो हिवाळ्यातला खेळ होता. बाजरीची खळी आटोपली, दिवाळी झाली, की खळ्याशेजारचा तुकडा कुदळीने उकरायचा, ढेकळे फोडायची, खडे वेचायचे, पाणी मारून माती बसवायची. पोरांच्या आधी बायकाच खडे वेचत, असे सासूबाई सांगत. ते मात्र सासऱ्यांच्या गोष्टीत कधी येत नसे. हिवाळाच का, तर त्याला कारण होते. पावसात पाय घसरतो. चैत्रात जमीन इतकी भाजते, की पकडीत पडलेल्या गड्याच्या गुडघ्याची साल निघते. मार्गशीर्ष-पौषात रात्री दव पडते आणि माती ना ओली ना सुकी अशी राहते. अंगात बाजरीची भाकरी आणि तीळगूळ असतो. चैत्रात जत्रा सुरू झाल्या, की तीच पोरे कुस्तीच्या आखाड्याकडे वळत.

मग मॅट आली. मॅटला दव नाही, चिखल नाही. वर पत्र्यावर पाऊस कोसळो की गारा पडोत, आत आठ वाजता सामना म्हणजे आठ वाजता सामना. खेळ हवामानातून सुटला हे चांगले झाले, ह्यात वाद नाही. माझ्या लेकीचे कोपर आता वर्षभर खरवडलेले नसते. पण हवामानातून सुटलेला खेळ दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात जाऊन बांधला गेला. क्रिकेट नाही, मोठी फुटबॉल स्पर्धा नाही, अशी मोकळी फट कुठे सापडते ते पाहायचे आणि तिथे लीग बसवायची. ह्या हिशेबात गावचे मैदान कुठे धरलेलेच नाही.

ते न धरल्याने काय होते, हे आम्ही 2024 च्या डिसेंबरात पाहिले. त्या वर्षी लीगचा शेवटचा टप्पा बालेवाडीला होता, अंतिम सामनाही तिथेच, 29 डिसेंबरला. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला 32-23 असे हरवले. बालेवाडीचे क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले, पिंपरी-चिंचवडच्या अगदी शिवेला. आमच्याकडून मोशीची कोंडी फोडून जायचे म्हणजे दीड-दोन तास, पण गावातली निम्मी पोरे गाड्या काढून गेली. त्यांना दोष कोण देईल? टीव्हीवर पाहिलेला गडी दहा हातांवर पाहायला मिळतो, तर जाणारच. मात्र त्याच आठवड्यात आमच्या गावची स्पर्धा होती. लीगच्या करारात असलेला एकही खेळाडू येऊ शकला नाही. तसा एखादा तरी येणार म्हटल्यावर आसपासच्या गावांतून माणसे येतात आणि माणसे येणार म्हटल्यावर बक्षीस लावणारे खिशात हात घालतात. तो हात त्या वर्षी बाहेरच आला नाही. वर्गणी कमी पडली, आणि कमी पडली की कात्री कुठे लागते हे भगिनींना सांगायला नको. मुलींच्या गटाचे बक्षीस निम्मे झाले आणि त्यांची अंतिम लढत रात्री साडेअकराला, लोक सतरंज्या झटकत असताना उरकून घेतली. लेक जिंकून आली, पण येऊन काही बोलली नाही. ढाल शोकेसमध्ये न ठेवता तिने धान्याच्या कोठीवर ठेवून दिली, ती अजून तिथेच आहे.

आणखी एक गोष्ट शहरातल्या माणसाला सुचायची नाही. हिवाळ्यात शेतीची थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. कांद्याला, गव्हाला पाणी तेव्हाच भरायचे. म्हणजे बरोबर सामन्याच्या वेळी घरातली कर्ती माणसे बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला वावरात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर ह्या पट्ट्यात बिबट्याची भीती आहे, त्यामुळे एकट्याने जायचे नाही, दोघांनी जायचे. आमचे यजमान आणि पुतण्या जातात. मोबाईलवर सामना लावतात, पण उजेडाकडे पाहत राहिले की अंधारातले दिसत नाही, म्हणून मीच तो बंद करायला लावते. पावसाळ्यात असे नाही. श्रावणात रात्री पाणी भरायचे नसते. पाऊस लागला, की सगळे घर जेवून एका खोलीत बसलेले असते. मक्याची कणसे भाजावीत आणि सामना पाहावा, असे दिवस ते. लाईट जाते हे खरे, पण ती काय हिवाळ्यातही जाते.

मोसमाचा हा घोळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेतला बास्केटबॉल घ्या. हा खेळ जन्मलाच थंडीमुळे. 1891 च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने, बाहेर बर्फ असताना पोरांना आत काय खेळवावे म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि खेळ काढला. त्यांची पुरुषांची मोठी लीग त्यामुळे ऑक्टोबरापासून चालते, हिवाळाभर, प्रत्येक संघाचे 82 साखळी सामने. 1997 साली बायकांची लीग निघाली, तेव्हा हिवाळा पुरुषांनी घेतलेला होता. सभागृहे आणि टीव्ही उन्हाळ्यात मोकळे, म्हणून बायकांना उन्हाळा मिळाला. पैसेही कमी. मग कित्येक चांगल्या खेळाडू उन्हाळ्यात घरी आणि हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनकडे खेळायला जाऊ लागल्या, कारण तिकडे मोबदला जास्त. अंगाला विश्रांतीच नाही. ब्रिटनी ग्राइनर ही त्यांतलीच एक नामांकित खेळाडू. 2022 च्या फेब्रुवारीत मॉस्कोच्या विमानतळावर, सामानात बंदी असलेला पदार्थ सापडला म्हणून तिला धरले आणि डिसेंबरात ती सुटली. सामान तिचे, कायदा त्यांचा, ते खरे. पण ऐन थंडीत ती रशियाला जात होती, ती तिथल्या लीगमध्ये खेळायला. 2025 च्या जानेवारीत तिकडच्या दोन खेळाडूंनी पुढाकार घेऊन बायकांची हिवाळ्यातली एक वेगळी लीग मायामीला सुरू केली, घरच्या घरी हिवाळ्याची कमाई व्हावी म्हणून. मोसम कुणाला आधी मिळतो आणि उरलेला कुणाच्या वाट्याला येतो, ह्यावर माणसांची कमाई कशी ठरते ते ह्यावरून दिसते.

आपल्या बायकांच्या कबड्डीला तर उरलेला मोसमही धड मिळाला नाही. 2016 च्या जून-जुलैत पुरुषांच्या लीगबरोबर तीन महिला संघांची स्पर्धा झाली. स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला 24-23 असे एका गुणाने हरवले. इतका चुरशीचा सामना होऊनही पुढच्या वर्षी ती स्पर्धा झाली नाही. लेक तेव्हा लहान होती. तिला तो सामना आठवत नाही, मला आठवतो.

तर माझे मत असे, की लीग पावसाळ्यात व्हावी, आषाढाच्या आसपास सुरू होऊन दसऱ्या-दिवाळीपर्यंत संपावी, आणि हिवाळा गावांना मोकळा सोडावा. महाराष्ट्रात 15 जुलै हा शंकरराव उर्फ बुवा साळवी ह्यांचा जन्मदिवस कबड्डी दिन म्हणून पाळतात. सुरुवातीला त्याहून चांगला मुहूर्त कोणता? हिवाळ्यात गावोगावच्या स्पर्धा झाल्या, की नव्या पोरांना पाहायला लीगचे प्रशिक्षक मोकळे असतील. चैत्रात निवड, मग सराव. 2025 ला खेळाडूंचा लिलाव 31 मे आणि 1 जूनला मुंबईत झाला, म्हणजे त्या वर्षी क्रम जवळजवळ असाच लागला होता. लीग 31 ऑक्टोबरला दिल्लीत संपली. आपली पुणेरी पलटण अंतिम सामन्यात दबंग दिल्लीकडून 28-31 अशी हरली आणि आमच्याकडे दोन दिवस सुतक होते, ते सोडा. पण डिसेंबरात गावचे मैदान भरले. मुलींची अंतिम लढत रात्री आठला झाली.

धाकट्या भाऊजींना हे पटत नाही. ते म्हणतात, "वहिनी, मृगात पेरणीला माणूस मिळत नाही, त्यात पोरगं सरावाला गेलं तर वाफसा थांबणार आहे का?" दुसरे ते म्हणतात, की आता पाऊस तरी कुठे वेळेवर जातो, हस्त संपला तरी वाफ्यात पाणी उभे, मग गावचे मैदान तयार व्हायलाच पौष लागेल. हे म्हणणे खोटे नाही. 2025 साली तसेच झाले, रोपे दोनदा टाकावी लागली. तरीही पेरणीला आता घरोघर ट्रॅक्टर फिरतो, आणि पुतण्या कारखान्यात असल्याने मृगात तसाही तो वावरात नसतोच. खरी ओढाताण पाळ्यांची आहे. चाकण-भोसरीकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणून आमच्या स्पर्धेची अंतिम लढत आता रविवारऐवजी गुरुवारी ठेवतात. माती, दव, तिथी हे सगळे मागे पडले आणि गुरुवार पुढे आला. सासरे असते तर हसले असते.

गावच्या मंडळाने यंदा एक केले, ते मला बरे वाटले. स्पर्धेची तारीख ठरवायच्या आधी त्यांनी लीगच्या तारखा पाहिल्या, आणि मुलींच्या गटाचे बक्षीस आधी बाजूला काढून मग बाकीचा हिशेब मांडला. मागणी लेकीच्या संघातल्या पोरींनीच केली होती, सहीनिशी अर्ज देऊन.

पुतण्याचे कंत्राट फाल्गुनात संपते. पुढचे लगेच मिळेल की मध्ये महिना-दोन महिने घरी बसावे लागेल, हे कुणी सांगत नाही. जाऊबाईंना वाटते, की त्याने त्या दिवसांत दुसरीकडे काम बघावे. तो म्हणतो, "मोठ्या आई, आता चोविसावं चालू आहे. अजून दोन वर्षं पाय साथ देतील. चैत्रात निवड चाचणी झाली तर जाऊ दे मला." जाऊबाईंशी बोलेन असे मी त्याला सांगितले आहे. कांदा काढणीला आला, की आम्ही दोघी आठ दिवस एका वाफ्यावर असतो, तेव्हा बोलता येईल.